शरीरबाह्य फलनाने जन्मलेल्या मुलांचे हृदय : तुलना कोणाशी करावयाची?

स्त्रीच्या शरीराबाहेर, काचेच्या बशीत, स्त्रीबीजाचे फलन घडवून जन्माला आलेले पहिले मूल इंग्लंडातील ओल्डहॅम येथे २५ जुलै १९७८ रोजी जन्मले. त्यानंतर दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून असेच दुसरे मूल जन्मले. मुखोपाध्यायांच्या वाट्याला हयातीत मान्यतेऐवजी उपेक्षाच आली, हा इतिहास आता सर्वश्रुत आहे. मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी के. ई. एम. रुग्णालय आणि प्रजननसंशोधन संस्था यांच्या सहकार्याने हीच गोष्ट ऑगस्ट १९८६ मध्ये साध्य केली. आज जगात या मार्गाने जन्मलेल्या व्यक्तींची संख्या एक कोटीहून अधिक असल्याचे मानले जाते, आणि त्यांतील पहिली पिढी चाळिशीच्या आगेमागे आहे. रक्तदाबवृद्धी व हृद्रोग यांची चाहूल ज्या वयात लागू लागते, ते हे वय होय.

या मुलांचे हृदय व रक्तवाहिन्या इतरांइतक्याच निकोप असतात काय, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत शरीरक्रियाविज्ञानाच्या व वैद्यकाच्या नियतकालिकांतून वारंवार चर्चिला गेला आहे. उत्तरे एकमुखी नाहीत. काही निबंध वाचले म्हणजे मन शंकाकुल होते. काही वाचले म्हणजे निर्धास्त होते. आमच्या मते या मतभेदाचे मूळ उपकरणांच्या सूक्ष्मतेत फारसे नाही. तुलनेसाठी कोणती मुले निवडली आणि ती किती निवडली, यांत ते आहे. प्रस्तुत लेखात उपलब्ध पुराव्याची छाननी याच दृष्टीने करावयाची आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण लोकचर्चेत तो नेहमी पुसला जातो. हृदयाच्या रचनेतील जन्मजात दोष हा एक प्रश्न. रचना निर्दोष असूनही पुढील आयुष्यात रक्तवाहिन्या ताठर होणे, रक्तदाब चढा राहणे हा दुसरा. दोहोंचा पुरावा वेगळा आहे, आणि त्यांची कारणेही एकच असतील असे मानावयास आधार नाही.

पहिल्या प्रश्नावरील सर्वांत भक्कम पुरावा उत्तर युरोपातून आला आहे. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे व स्वीडन या देशांत प्रत्येक नागरिकाला जन्मतःच एक ओळखक्रमांक मिळतो, आणि त्याच्या साहाय्याने जन्मनोंद, उपचारकेंद्राची नोंद व रुग्णालयाची नोंद एकमेकींशी जोडता येतात. गोथेनबर्ग येथील उल्ला-ब्रिट वेनरहोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी एकत्र करून २०२४ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ७७ लाख मुलांचा समावेश असून त्यांपैकी १,७१,७३५ मुले साहाय्यित प्रजननाने जन्मलेली होती. हृदयाचा मोठा जन्मजात दोष या मुलांत शेकडा १.८४, तर नैसर्गिक गर्भधारणेच्या मुलांत शेकडा १.१५ आढळला. मातेचे वय, धूम्रपान, मधुमेह इत्यादी गोष्टींची जुळवणी केल्यावरही धोक्याचे गुणोत्तर १.३६ राहिले. हे गुणोत्तर वृत्तपत्रात ‘छत्तीस टक्क्यांनी अधिक’ या स्वरूपात छापले जाते व आईबापांची झोप उडवते. वस्तुतः दर हजारी अठरा आणि दर हजारी अकरा-बारा असा हा फरक आहे. दोष नसलेली मुले दोन्ही गटांत हजारी नऊशे ऐंशींहून अधिकच आहेत. जे दोष अतिगंभीर म्हणून गणले जातात, त्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ०.३५ व ०.२६ होते.

या निबंधातील दोन उपनिष्कर्ष मूळ निष्कर्षापेक्षाही उद्बोधक आहेत. एक, साहाय्यित प्रजननाच्या मुलांत जुळ्या-तिळ्यांमध्ये दोषाचे प्रमाण शेकडा २.४७ होते, तर एकट्या जन्मलेल्यांत १.६२. एकाच वेळी अनेक भ्रूण गर्भाशयात सोडण्याची प्रथा किती महागात पडते, हे यावरून दिसून येईल. दुसरा असा की, बीज व शुक्रजंतू बशीत एकत्र ठेवले काय, अगर १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथे यशस्वी झालेल्या रीतीने एकच शुक्रजंतू सूक्ष्म सुईने बीजात सोडला काय, तसेच भ्रूण ताजा वापरला काय वा गोठवून वापरला काय, धोका जवळजवळ सारखाच राहिला. कृती बदलली तरी परिणाम बदलत नसेल, तर कारण कृतीत नसून त्या कृतीकडे वळणाऱ्या जोडप्यांत आहे काय, ही शंका साहजिकच उत्पन्न होते.

भ्रूणविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना येथे कालगणनेची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. भ्रूण बशीत राहतो तो तीन ते पाच, फार तर सहा दिवस. हृदयाची आद्यनलिका तिसऱ्या आठवड्यात आकार घेते, बाविसाव्या दिवसाच्या सुमारास तिचे स्पंदन सुरू होते आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस चारही कप्पे सिद्ध होतात. म्हणजे हृदय घडू लागते त्या वेळी भ्रूण आईच्या उदरात केव्हाच स्थिरावलेला असतो. बशीतील परिस्थितीचा हृदयावर परिणाम व्हावयाचा तर तो कोठल्या तरी ‘स्मृती’च्या रूपानेच पुढे न्यावा लागेल; अथवा वार कशी घडते यामार्फत अप्रत्यक्षपणे व्हावा लागेल.

अशा स्मृतीचे एक स्थान आपणांस ठाऊक आहे. जनुकांची अक्षरे न बदलता त्यांवर मेथिल गटांच्या खुणा चढविल्या जातात, आणि कोणते जनुक बोलावे, कोणते मूक राहावे हे त्यांवरून ठरते. फलनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईबापांकडून आलेल्या यांपैकी बहुतेक खुणा पुसल्या जाऊन नव्या बसविल्या जातात, आणि नेमके हेच दिवस भ्रूण बशीत काढतो. बीजवाहिनीत प्राणवायूचे प्रमाण हवेच्या मानाने फार कमी असते. प्रयोगशाळांतून मात्र दीर्घकाळ हवेतल्याइतकाच, म्हणजे शेकडा वीस, प्राणवायू वापरला जात असे. पुढे तो शेकडा पाचवर आणण्याची प्रथा पडली. भ्रूण ज्या द्रवात वाढवावयाचा, त्याच्या घटकांनीही फरक पडतो. नेदरलंडमध्ये दोन पोषकद्रवांची यदृच्छ विभागणीने तुलना झाली व २०१६ मध्ये तिचे फलित प्रसिद्ध झाले. केवळ द्रवाच्या निवडीमुळे नवजात बालकांच्या सरासरी वजनात १५८ ग्रॅमचे अंतर पडले. काही दिवसांच्या मुक्कामाचा ठसा नऊ महिन्यांनंतर तराजूवर दिसतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. त्याची मांडणी ज्या पायावर झाली तो पाया डेव्हिड बार्कर यांचा आहे. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून सुईणी व आरोग्यसेविका नवजात बालकांची वजने वह्यांत नोंदवीत असत, आणि ती मुले एक वर्षाची झाली की पुन्हा वजन करीत. या वह्या पुढे बार्कर यांच्या हाती लागल्या. ज्या पुरुषांचे बालपणीचे वजन कमी होते, त्यांत हृद्रोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण अधिक होते, हे त्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. शरीरबाह्य फलनाने जन्मलेल्या एकट्या बालकांचे वजनही, ताजा भ्रूण वापरला असता, सरासरीने थोडे कमी भरते. मुदतपूर्व प्रसूतीही अधिक होतात. तेव्हा बार्करांचे अनुमान या मुलांना लावून पाहावे, असे संशोधकांच्या मनात आले.

अ‍ॅम्स्टरडॅम येथील सेलेन व सहकारी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत आदर्श मानावा असा आहे. ८ ते १८ वर्षे वयाच्या २२५ मुलांची त्यांनी इतर २२५ मुलांशी तुलना केली. ही दुसरी मुलेही वंध्यत्वाची अडचण असलेल्या जोडप्यांचीच होती. मात्र त्यांची गर्भधारणा अखेर आपोआप झाली होती. म्हणजे आईबापांच्या प्रकृतीचा भाग दोन्हीकडे जवळजवळ समान. आकुंचनकालीन रक्तदाब पहिल्या गटात सरासरी १०९ व दुसऱ्यात १०५, आणि प्रसरणकालीन अनुक्रमे ६१ व ५९ मिलिमीटर पारा असा आला. जन्मवजनाने वा शरीराच्या सध्याच्या आकारमानाने या अंतराचा उलगडा झाला नाही.

चार मिलिमीटर म्हणजे किती? एकेका मुलाच्या दृष्टीने काहीच नाही. कारण प्रत्येक गटातील मुलामुलांमधील प्रमाण विचलन दहा-अकरा मिलिमीटरांचे होते. कोणत्याही मुलाचा रक्तदाब पाहून त्याचा जन्म कसा झाला हे सांगता येणे अशक्य. परंतु लक्षावधी मुलांचा समूह घेतला आणि ते अंतर पन्नाशीपर्यंत टिकले, तर पक्षाघात व हृद्रोग यांच्या संख्येत ते दिसल्यावाचून राहणार नाही. ते टिकते किंवा कसे, हाच खरा वादाचा मुद्दा आहे.

स्वित्झर्लंडच्या बर्न येथील शेरर यांच्या गटाने रक्तदाबाच्या मागे जाऊन रोहिण्यांच्या भिंतीची परीक्षा केली. पद्धत साधी व सुंदर आहे. हाताला पट्टा बांधून रक्तप्रवाह काही मिनिटे रोखावयाचा व मग एकदम सोडावयाचा. उसळून आलेल्या रक्ताच्या घर्षणाने रोहिणीचा अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतो व रोहिणी फुलते. ती किती फुलली हे श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोजता येते. २०१२ च्या त्यांच्या निबंधात साहाय्यित प्रजननाच्या ६५ निरोगी मुलांत हे फुलणे सरासरी शेकडा ६.७, तर तुलनेच्या ५७ मुलांत ८.६ होते. नाडीच्या लहरीचा वेग अधिक होता, म्हणजे रोहिण्या ताठर होत्या. आणि मानेतील रोहिणीची भिंत जाड होती. या मुलांना त्यांनी आल्प्समधील युंगफ्राउयोख येथे, ३,४५० मीटर उंचीवर नेले. विरळ हवेत फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीतील दाब वाढतोच. या मुलांत तो तुलनेच्या मुलांपेक्षा सुमारे शेकडा ३० अधिक चढला. मुलांना पर्वतशिखरावर नेऊन प्रयोग करण्याची सोय प्रत्येक विद्यापीठाला लाभत नाही, हे खरे!

या निबंधाचे महत्त्व मात्र आमच्या दृष्टीने वेगळ्याच गोष्टीत आहे. या मुलांच्या ज्या सख्ख्या भावंडांची गर्भधारणा नैसर्गिक रीतीने झाली होती, त्यांच्या रोहिण्या निर्दोष आढळल्या. ज्या मातांना बीजोत्पत्तीसाठी केवळ संप्रेरके दिली होती पण फलन शरीरातच झाले, त्यांची मुलेही निर्दोष होती. तेच आईबाप, तेच घर, तेच जेवण. वेगळी होती ती बशी. पाच वर्षांनी याच मुलांपैकी ५४ जणांची पुन्हा तपासणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात चोवीस तास मोजलेला सरासरी रक्तदाब सुमारे १२० आणि ११६ असा होता, आणि मोजमाप झालेल्या ५२ पैकी ८ जणांत रक्तदाबवृद्धीचे निकष पुरे झाले. तुलनेच्या ४३ मध्ये एकच. त्याच गटाने उंदरांवर केलेल्या २०१३ च्या प्रयोगात नायट्रिक ऑक्साइड निर्माण करणाऱ्या जनुकावरील मेथिल खुणा बदललेल्या आढळल्या, हा बदल नरांकडून पुढील पिढीतही गेला, आणि पोषकद्रवात मेलॅटोनिन मिसळले असता तो टळला. उंदराचा निष्कर्ष माणसाला तसाच लावता येत नाही. परंतु स्मृती कोठे साठत असावी, याचा एक मार्ग त्यातून दिसतो. बार्सेलोना येथे तर जन्मापूर्वीच, २८ ते ३० आठवड्यांच्या गर्भांत, हृदय अधिक गोलाकार व त्याच्या भिंती जाड असल्याचे २०१३ मध्ये नोंदविले गेले.

येथवर वाचून वाचकाचे मत बनत आले असेल. त्याने थोडे थांबावे. मेलबर्न येथील हॅलिडे व सहकारी यांनी २०१९ मध्ये २२ ते ३५ वर्षे वयाच्या १९३ साहाय्यित-प्रजननजात व्यक्तींची ८६ इतरांशी तुलना केली आणि रक्तवाहिन्यांत वा चयापचयात कोणताही वाढीव धोका त्यांना दिसला नाही. ही मंडळी अ‍ॅम्स्टरडॅमच्या मुलांच्याच काळात जन्मलेली. तेव्हा ‘जुने तंत्र सदोष होते, नवे सुधारले’ असे सांगून हा विरोध मिटविता येत नाही. ब्रिस्टल येथील एल्हकीम व सहकारी यांनी २०२३ मध्ये युरोप, सिंगापूर व ऑस्ट्रेलिया येथील चौदा पाहणीगटांतील ३५,९३८ मुलांचे आकडे एकत्र केले; त्यांत ६५४ मुले साहाय्यित प्रजननाची होती. रक्तदाब, हृद्गती, रक्तातील साखर ही सर्व जवळजवळ सारखीच भरली. दीर्घकाळ पाठपुरावा झालेल्या गटात एक बारीकशी गोष्ट मात्र नोंदविली गेली. बालपणी या मुलांचा रक्तदाब इतरांहून किंचित कमी होता आणि तारुण्यात तो किंचित अधिक होण्याकडे कल होता. पण ते अंतर यदृच्छेच्या मर्यादेतच होते.

या विरोधाचा काही भाग साध्या अंकगणिताने उलगडतो. प्रमाण विचलन ११ मिलिमीटर धरले, तर चार मिलिमीटरांचे अंतर पाचापैकी चार वेळा पकडता यावे यासाठी प्रत्येक गटात सुमारे १२० व्यक्ती लागतात. दोन मिलिमीटरांसाठी सुमारे ४८०. मेलबर्नचे १९३ विरुद्ध ८६ हे प्रमाण, समान गटांत रूपांतर केले असता, जेमतेम १२० च्या जोड्यांइतके भरते. म्हणजे चार मिलिमीटरांचा फरक त्यात बहुधा दिसला असता. दोन मिलिमीटरांचा निसटून जाणे अगदी शक्य होते. आणि २०१७ पर्यंतच्या १९ अभ्यासांचे एकत्रीकरण केले असता जो सरासरी फरक निघाला, तो आकुंचनकालीन १.८८ मिलिमीटरच होता. बर्नचे गट याहूनही लहान होते, आणि लहान गटांतून प्रसिद्धीस येणारे फरक वास्तवाहून मोठे असण्याची प्रवृत्ती संख्याशास्त्रज्ञांना परिचित आहे. ब्रिस्टलच्या संकलनात दोन मिलिमीटर सहसा लपले नसते. तथापि तेथील तुलना सर्वसाधारण मुलांशी आहे. उपचार घेऊ शकणारी जोडपी बहुधा सुस्थित, सुशिक्षित व धूम्रपानापासून दूर असतात. बशीने वाढविलेला एखादा मिलिमीटर घरच्या सुस्थितीने घटविला असेल, तर बेरीज शून्य दिसेल. आम्हास स्वतःस असे वाटते की, एखादा-दीड मिलिमीटरांचा खरा परिणाम असावा. आणि तो मान्य करूनही उपचाराविरुद्ध युक्तिवाद उभा राहत नाही, कारण या मुलांच्या बाबतीत पर्याय ‘अधिक निकोप जन्म’ हा नव्हता, ‘जन्मच नाही’ हा होता.

भावंडांची तुलना हाच यातून बाहेर पडण्याचा उत्तम मार्ग दिसतो. पण तोही निष्कंटक नाही. नॉर्वेतील भावंडांच्या जोड्यांवरून २००८ मध्ये असा निष्कर्ष निघाला होता की, जन्मवजनातील फरक तंत्रामुळे नसून मातेमुळे आहे. २०२१ मध्ये नॉर्डिक देशांतील भावंडे घेतल्यावर चित्र पालटले : एकाच मातेच्या मुलांतही ताज्या भ्रूणाचे मूल हलके व गोठविलेल्या भ्रूणाचे जड भरले. गोठविलेल्या भ्रूणासाठी गर्भाशय अनेकदा केवळ औषधांनी सिद्ध केला जातो. अशा वेळी बीजकोशात पीतपिंड तयारच होत नाही आणि त्याच्याकडून मिळणारे रिलॅक्सिन हे संप्रेरक मातेला मिळत नाही. अशा गर्भारपणांत रक्तदाबवृद्धीचा विकार अधिक आढळतो, हे २०१९ पासून चांगले प्रस्थापित होत आले आहे. बशीइतकेच लक्ष आईच्या रक्ताभिसरणाकडेही जावयास हवे ते यासाठी.

आपल्याकडील परिस्थितीला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, याचे कारण पुण्याने दाखवून दिले आहे. के. ई. एम. रुग्णालय, पुणे, येथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया व त्यांची मुले यांचा जो अभ्यास चालविला, त्यात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५. परंतु पुण्याच्या बालकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. असे मूल मुळातच मधुमेह व हृद्रोग यांच्या वाटेवर काही पावले पुढे असते. त्यात शरीरबाह्य फलनाने शंभर-दीडशे ग्रॅमची आणखी घट आली, तर तिचा अर्थ गोथेनबर्गमध्ये होतो तोच पुण्यात होईल असे धरून चालता येत नाही.

चिकित्सकाने करावयाचे फार थोडे व सोपे आहे. अशा गर्भारपणात गर्भाच्या हृदयाची श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासणी करणे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये वाजवी ठरविले. मूल तीन वर्षांचे झाल्यापासून दरवर्षी रक्तदाब मोजावा, ही बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीची २०१७ ची शिफारस तर सर्वच मुलांसाठी आहे. अडचण वेगळीच आहे. आपल्या पुष्कळ घरांत हा उपचार आजी-आजोबांपासूनही लपविला जातो. मग तो बालरोगतज्ज्ञास कोठून कळणार? मूल मोठे होऊन स्वतः वैद्याकडे जाऊ लागते, तेव्हा आपल्या जन्माचा हा तपशील त्याला स्वतःलाच ठाऊक नसतो.

साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१, याने राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली आहे. वापरलेली व न वापरलेली दात्यांची बीजे आणि भ्रूण यांच्या नोंदी उपचारकेंद्राने किमान दहा वर्षे जपावयाच्या व मग मध्यवर्ती संचयाकडे सुपूर्द करावयाच्या, असे त्यात म्हटले आहे. हर्टफर्डशरच्या सुईणींच्या वह्यांचा उपयोग झाला तो सत्तर वर्षांनी. भ्रूण कोणत्या द्रवात वाढला, ताजा होता की गोठविलेला, त्या वेळी आईच्या बीजकोशात पीतपिंड होते की नव्हते, हे केंद्राच्या कागदांत असते. मुलाचा रक्तदाब शाळेच्या वा दवाखान्याच्या कागदांत असतो. या दोहोंना जोडणारा क्रमांक नॉर्डिक देशांत आहे. येथे तूर्त तो दुवा म्हणजे बहुधा आईच्या कपाटातील एक पिशवी असते.